मिहिरच्या पॅकेजचं वर्णन

बायकोने परक्या माणसाबद्दल सात ओळी लिहिल्या आणि आपल्याबद्दल चारच, हे दुःख माणसाने सांगावं तरी कुणाला? मिहिरने कुणालाच सांगितलं नाही. बारामतीतल्या भिगवण रोडच्या फ्लॅटमध्ये बसून तो त्या सात ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिला, आणि दर वाचनाला त्यात त्याला नवीन काहीतरी सापडत गेलं. शोधायलाच बसलेल्या माणसाला काहीही सापडतं.

खरं तर त्या ओळी माणसाबद्दल नव्हत्याच, पॅकेजबद्दल होत्या. पॅकेज म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्या जगाला फुकट दिलेलं सॉफ्टवेअर. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलून वापरावं. अशी हजारो पॅकेजेस एका ठिकाणी ठेवलेली असतात आणि प्रत्येकाखाली थोडक्यात वर्णन असतं, म्हणजे घेणाऱ्याला कळावं की हे आहे तरी काय. ही वर्णनं लिहिणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये मिहिरची बायको अबोली होती. दिवसभर ती एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत अहवाल लिहायची, आणि उरलेल्या वेळात हे बिनपगारी काम, इंग्रजीत आणि लगोलग मराठीतही. वर्णनाखाली अगदी बारीक अक्षरात तिचं नाव यायचं, तेवढीच काय ती मिळकत.

या कामाचे नियम मुळातच कडक होते, अबोलीने ते आणखी कडक केले होते. कौतुक करायचं नाही. ‘सोपं’ लिहायचं नाही, कारण सोपं कुणाला? ‘वेगवान’ लिहायचं नाही, कारण कशापेक्षा? ‘उत्तम’, ‘आधुनिक’, ‘एकमेव’ असले शब्द तर तिने दाराबाहेरच ठेवले होते. ज्याने पॅकेज केलं त्याच्या कष्टांची कहाणी नको, त्याच्या हुशारीची तर नकोच. आणि प्रत्येक वर्णनाच्या शेवटी ते पॅकेज काय करत नाही, याची एक ओळ हवीच.

‘‘घ्यायच्या आधी कळायला हवं,’’ ती म्हणायची. ‘‘घेऊन फसल्यावर कळलं, तर मग आपण लिहिलं कशाला?’’

लिहिण्याआधी ती पॅकेज स्वतः चालवून बघायची. मग करणाऱ्याला गाठायची, जमलं तर समोरासमोर, नाहीतर फोनवर, आणि प्रश्न विचारत बसायची. हे कुणासाठी केलं? तो माणूस आधी काय करायचा? त्याच्या हातात हे पडल्यावर तो पहिल्यांदा कुठे अडेल? शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा: हे चुकतं कधी? इथे भलेभले चाचरायचे. अबोली घाई करायची नाही. समोरचा खरं बोलेपर्यंत ती त्याच्याकडे शांतपणे बघत राहायची.

मिहिरला हा प्रकार चांगला माहीत होता, कारण अशा वेळी चहा नेऊन द्यायचं काम त्याच्याकडे असायचं. आणि त्याला एकच आस होती, की कधीतरी त्या समोरच्या खुर्चीत आपण असू.

त्याचंही एक पॅकेज होतं. नोकरी पुण्याच्या कंपनीची, काम घरून. सुट्टीच्या दिवशी मात्र तो ‘आवर्तन’ घेऊन बसायचा. भवानीनगरला त्याचे वडील ज्या पाणीवापर संस्थेत होते, तिथली भांडणं ऐकून त्याला ते सुचलं होतं. कालव्याला पाणी सुटलं, म्हणजे आवर्तन आलं, की संस्थेच्या सभासदांना पाळीपाळीने ते मिळतं, आणि कुणाची पाळी कधी यावरून लोक एकमेकांच्या उरावर बसतात. मिहिरचं पॅकेज क्षेत्राप्रमाणे पाळ्या लावायचं आणि ज्याची पाळी त्याच्या फोनवर मेसेज टाकायचं. दोन वर्षं तो त्यात बुडालेला होता. जेवताना, गाडीत, भाजी निवडताना अबोली तेच ऐकत होती.

वर्णन लिहायची वेळ आली तेव्हा मिहिर तयारीत होता. ‘हे चुकतं कधी?’ या प्रश्नाला द्यायचं उत्तर त्याने आंघोळ करताना घोकूनसुद्धा ठेवलं होतं. प्रामाणिक, थोडं विनोदी, लक्षात राहील असं. पण अबोलीने कुकरच्या शिट्ट्या मोजत, ओट्याशी उभं राहून, लॅपटॉप डब्यांच्या शेजारी ठेवून ते लिहून टाकलं. एक प्रश्न विचारला नाही.

‘‘झालं. वाच,’’ ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

मिहिरने वाचलं. ‘पाणीवापर संस्थेच्या सभासदांना क्षेत्राप्रमाणे पाण्याच्या पाळ्या वाटून देते. पाळीची वेळ सभासदाच्या फोनवर कळवते. पाळ्यांचा क्रम वरच्या टोकाकडून शेवटच्या टोकाकडे धरला जातो. आवर्तन मध्येच बंद पडल्यास राहिलेल्या पाळ्या पुढे धरल्या जात नाहीत, त्या हाताने भराव्या लागतात.’

सगळं खरं होतं. खोट काढायला जागा नव्हती. मिहिर ‘छान’ म्हणाला आणि ताटं घेतली. दोन वर्षांची मेहनत एका वरणाच्या कुकरात आटोपली, एवढंच त्याच्या मनात राहिलं.

मग आला राजवर्धन.

राजवर्धन पळसदेवचा. इंदापुरात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नसलं की तो सॉफ्टवेअर लिहायचा. त्याच्या पॅकेजचं नाव ‘काठ’. धरणाचं पाणी उतरायला लागलं की पळसदेवकडच्या शेतकऱ्यांना आपली पाण्याची मोटार सारखी पुढे सरकवावी लागते, पाइप वाढवावा लागतो, केबल वाढवावी लागते. आज किती पुढे न्यावी, हे ज्याच्या त्याच्या अंदाजावर. अंदाज चुकला की मोटार कोरडी पडून जळते आणि राजवर्धनच्या दुकानात येते. धंदा असा चालत असताना या गृहस्थाने रोजच्या पाणीपातळीवरून काठ किती मागे जाईल ते सांगणारं पॅकेज करून फुकट वाटलं. मिहिरला हे ऐकूनच तो माणूस आवडला नाही. इतका चांगुलपणा त्याला सोसण्यासारखा नव्हता.

अबोली एकदा पळसदेवला गेली, मग दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्या वेळी मिहिर म्हणाला, ‘‘मी सोडतो की गाडीने, एसटीने कशाला जातेस?’’ एवढं प्रेम त्याला एरवी सुचत नव्हतं.

पाणी बरंच उतरलं होतं. लांबवर जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि अलीकडे भेगाळलेल्या जमिनीवर मोटारींच्या केबली पसरल्या होत्या. राजवर्धन मोटारसायकलला टेकून उभा होता. सावळा, धिप्पाड, हाताला वॉर्निशचे डाग.

‘‘या अबोलीताई. या दाजी,’’ तो म्हणाला.

तो तिला ताई म्हणतो हे ऐकून दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला असता. मिहिरचं दुखणं त्या जातीचंच नव्हतं. अबोली कुणाच्या प्रेमात पडेल अशी भीती त्याला वाटतच नव्हती. तिने राजवर्धनकडे नुसतं बघितलं असतं तरी मिहिरला इतकं लागलं नसतं, पण ती राजवर्धनला प्रश्न विचारत होती.

‘‘आणि हे चुकतं कधी?’’ अबोलीने विचारलं.

राजवर्धनने डोकं खाजवलं. पाण्याकडे बघितलं. ती थांबली.

‘‘गाळात चुकतं, ताई,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘ह्यो अॅप म्हनतोय काठ हितं आला. वरनं जमीन दिसती बी. पन पाय ठिवला की गुडघ्याइतका आत. मानूस मोटार घिऊन जातो आनि तितंच रुततो.’’

‘‘कुठं रुततो? दाखवा.’’

‘‘नगं ताई, कपडं भरतील.’’

अबोलीने चपला काढल्या, मिहिरच्या हातात दिल्या आणि सलवार वर खोचून राजवर्धनच्या मागे गाळात उतरली. पाय रुतल्यावर ती हसली. राजवर्धनही हसला. काठी रोवून त्याने तिला खोली दाखवली, तिने पुढे जाऊन स्वतः रोवून बघितली. काठावर मिहिर बायकोच्या चपला धरून उभा होता. केबल सरकवायला आलेली एक म्हातारी त्याच्याकडे आणि चपलांकडे बघत पुढे गेली.

निघताना मिहिरने राजवर्धनला विचारलं, ‘‘वर्णन कसं हवंय तुम्हाला?’’

‘‘मला काय कळतंय त्यातलं? ताई लिवतील ते खरं,’’ राजवर्धन म्हणाला आणि चिलापी मासे भरलेली पिशवी गाडीत ठेवली.

किती पोचलेला आहे, मिहिर मनात म्हणाला. काही न मागता सगळं मिळवतो.

परतीच्या वाटेवर गाडीत माशांचा आणि गाळाचा वास भरला होता. भिगवणच्या पुढे आल्यावर मिहिरला राहवलं नाही. ‘‘माझ्या पॅकेजच्या वेळी तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस.’’

‘‘तुझं सगळं मला माहीत आहे की.’’

‘‘तरी.’’

‘‘तरी काय? माहीत असलेलंच विचारत बसू?’’

‘तुझं सगळं मला माहीत आहे’ हे अबोलीसाठी फारच मोठं बोलणं होतं, हे खरं तर त्याला कळायला हवं होतं. सगळ्या जगाला उलटसुलट विचारणारी ही बाई एका माणसाच्या शब्दावर डोळे मिटून चार ओळी लिहिते, याहून जास्त ती काय देणार होती? पण मत्सराने माणसाचे कान बंद होतात. मिहिरला फक्त एवढंच ऐकू आलं, की आपल्यात विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

‘काठ’चं वर्णन सात ओळींचं झालं. शेवटची ओळ होती: ‘काठावरच्या गाळाची खोली यात धरलेली नाही, पाय ठेवण्यापूर्वी स्वतः पाहावे.’ मिहिर या ओळीपाशी रोज अडकायचा. ‘पाय ठेवण्यापूर्वी’ यात त्याला माया दिसायची. ‘स्वतः पाहावे’ यात ती दुपार, ते हसणं. आणि आपल्या वाट्याला काय, तर ‘हाताने भराव्या लागतात’. जशी काही तक्रार. दोन्ही वर्णनं शेजारीशेजारी उघडून तो शब्दाला शब्द लावून बघायचा. ‘काठ’मधलं ‘अंदाज देते’ जास्त गोड की आपलं ‘वाटून देते’? अशा हिशेबातून काय हाती लागणार, ते सांगायला नको.

एका संध्याकाळी तो म्हणाला, ‘‘ती शेवटची ओळ काढून टाक. ते मी दुरुस्त करणारच आहे.’’

‘‘दुरुस्त कर. त्याच दिवशी काढते.’’

‘‘बरं, मग निदान ‘भरवशाचं’ एवढा एक शब्द घाल.’’

‘‘ते वापरणारा ठरवेल.’’

‘‘राजवर्धनला सात ओळी दिल्यास.’’

अबोली त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. ‘‘ओळी मोजल्यास तू?’’ ती म्हणाली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कपडे घडी करायला गेली. त्यात कुचेष्टा नव्हती, पण मिहिरचा संताप झाला.

आता या जगात एक रीत आहे. ज्याचं पॅकेज, त्याला त्याच्या वर्णनात दुरुस्ती करता येते आणि कुणी त्याच्यावर शंका घेत नाही. सॉफ्टवेअर तर उघडंच असतं, कुणीही आत डोकावू शकतो, मग त्याबद्दल खोटं कोण कशाला सांगेल? अशा विश्वासावर सगळा कारभार चालतो. मिहिरने त्या विश्वासाचा फायदा घेतला. शेवटची ओळ काढली. तिथे लिहिलं, ‘कोणत्याही संस्थेच्या कोणत्याही आवर्तनासाठी योग्य.’ वर आणखी तीन ओळी घातल्या. त्यांत ‘भरवशाचे’ होतं, ‘सहज’ होतं. मग मोजल्या. सात भरल्या.

त्याला खूप बरं वाटलं. उणीव तर महिन्याभरात दुरुस्त करायचीच आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुढे कंपनीचं काम वाढलं, भवानीनगरला चुलत बहिणीचं लग्न निघालं, आणि ती दुरुस्ती राहून गेली. अबोलीने ते पान पुन्हा उघडलं नाही. नवऱ्याच्या पॅकेजचं वर्णन तपासायचं तिच्या मनातही आलं नाही.

अबोलीचं माहेर लासुर्ण्याचं. आई-वडील भावाकडे पुण्याला गेले होते, पण मुक्ताआत्या अजून तिथेच शेती बघत होती. उन्हाळ्याच्या तोंडाला एके दिवशी आत्याचा फोन आला. ‘‘अबोले, रविवारी येऊन जा,’’ आत्या म्हणाली. ‘‘पाव्हन्यांना बी आन. जरा बघायचंय तुमाला.’’

बघायचं होतं ते शेताच्या दुसऱ्या टोकाला होतं. आत्याने नवीन लागण केली होती, उसाची रोपं आणून. निम्म्याहून जास्त रोपं वाळून पिवळी पडली होती. वरच्या बाजूच्या रानांत मात्र ऊस हिरवागार होता आणि सरींमध्ये पाणी चमकत होतं.

‘‘नांग्या भरून भरून किती भरायच्या?’’ आत्या म्हणाली. वाळलेल्या रोपांच्या जागी नवीन रोपं लावायची म्हणजे निम्मी लागण पुन्हा करण्यासारखंच होतं. ‘‘फोन उशाला घिऊन बसले व्हते. माझा मेसेज कवा येतोय, कवा येतोय. वरच्यांना दोनदा येऊन गेला.’’

झालं होतं ते साधं होतं. गावच्या पाणीवापर संस्थेने यंदा ‘आवर्तन’ घेतलं होतं. पाळ्या निम्म्या झाल्या असताना कालव्यातून पाणी उचलणाऱ्या पंपाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. आठवड्याने वीज आली, पंप सुरू झाला, आणि ‘आवर्तन’ने पहिल्यापासून मेसेज पाठवायला सुरुवात केली. वरच्यांना दुसऱ्यांदा पाणी मिळालं. आलेलं पाणी कोण नाही म्हणतो? ते गप्प बसले. टेलला, म्हणजे आत्याच्या रानासारख्या शेवटच्या टोकाला, पाणी यायच्या आधी कालवाच बंद झाला. पूर्वी सगळे पाणी सोडायच्या चेंबरपाशी जमून भांडायचे, त्यामुळे कुणाचं राहिलंय ते आरडाओरड्यात तरी कळायचं. आता मेसेज येतो म्हणून तिकडे कुणी फिरकतच नव्हतं.

मिहिरला कारण लगेच कळलं. अबोली मात्र गोंधळली होती. ‘‘राहिलेल्या पाळ्या हाताने भरल्या नाहीत का?’’ तिने विचारलं.

‘‘ते नीळकंठरावला इचार,’’ आत्या म्हणाली. ‘‘त्यो सेक्रेटरी.’’

देवळापुढच्या पारावर संस्थेची माणसं जमलीच होती. जावई आलेत म्हटल्यावर मिहिरसाठी खुर्ची आणली गेली, बाकीचे पारावर बसले. नीळकंठराव साठीचे, चष्मा दोऱ्याने गळ्यात. अबोलीने तोच प्रश्न त्यांना विचारला.

‘‘हातानं भरायच्या?’’ ते म्हणाले. ‘‘आसं कुठं लिवलंय? मी मराठीतलं सगळं वाचून मगच घेतलं. आनि खाली नाव बघितलं, तर तुझं. म्हनलं, आपल्या अबोलीनं लिवलंय, आता इचारायचं काय?’’ त्यांनी फोन काढून डोळ्यांपाशी नेला. ‘‘हे बघ. ‘भरवशाचे.’ ‘कोणत्याही संस्थेच्या कोणत्याही आवर्तनासाठी योग्य.’’’

‘‘पुन्हा वाचा, काका,’’ अबोली म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. अबोलीने मिहिरकडे एकदा बघितलं. तिला सगळं कळलं आहे, हे त्या एका नजरेत त्याला कळलं. तो खाली बघायला लागला.

अबोली बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. ‘‘मी लिहिलेल्या वर्णनात एक ओळ होती. आवर्तन मध्येच बंद पडलं तर राहिलेल्या पाळ्या हाताने भराव्या लागतात, अशी. ती आता तिथे नाही. आणि तुम्ही वाचलंत ते वाक्य माझं नाही.’’

कुणी काढली, का काढली, यातलं ती काहीच बोलली नाही. जे घडलं तेवढंच सांगून थांबली.

‘‘मग कुठं गेली वळ?’’ सोबत आलेल्या मुक्ताआत्याने विचारलं.

मिहिर खुर्चीत पुढे सरकला.

‘‘मी काढली,’’ तो म्हणाला.

नीळकंठराव हसले. ‘‘राहू द्या, जावईबापू,’’ ते म्हणाले. ‘‘तुमी कशाला अंगावर घेताय?’’

‘‘नाही, खरंच मीच काढली.’’

‘‘आवो, कळतंय आमाला.’’

पारावरचा एक म्हातारा मान हलवत म्हणाला, ‘‘बायकूची चूक सोताच्या नावावर घेतोय, बघा. आसा जावई मिळायला नशीब लागतंय.’’

गावाच्या जावयाला बोल लावायची तिथे रीतच नव्हती. त्याने चूक कबूल केली तरी तो त्याचा मोठेपणा ठरणार. पण रोपं वाळली होती, म्हणजे बोल कुणाला तरी लावायलाच हवा होता, आणि गावची लेक समोर बसली होती. नीळकंठराव तिच्याकडे वळले. ‘‘पोरी, तू मातर लक्ष द्यायला पायजे व्हतंस. तुझ्या नावावर आमी डोळं झाकून गेलो.’’

या क्षणी मिहिरने उठायला हवं होतं. ओरडून सांगायला हवं होतं, की अहो, ही ओळ लिहिणारी ती आणि खोडणारा मी. ती राजवर्धनशी हसली म्हणून, माझ्या ओळी चार भरल्या म्हणून. त्याने तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्याच्यापुढे चहा आला, पहिला कप त्याला. भोवती सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. कित्येक महिने तो एका चांगल्या शब्दासाठी झुरत होता, आणि इथे तो न मागता मिळत होता. लाज वाटत होती, पण बरंही वाटत होतं. ओळ खोडली तेव्हा निदान रागाच्या भरात होता, आता तेवढीही सबब नव्हती. त्याने तोंड मिटलं आणि कप उचलला.

‘‘व्हय काका,’’ अबोली म्हणाली. ‘‘चुकलं माझं.’’

मग तिने लॅपटॉप उघडला, नीळकंठरावांना शेजारी बसवलं आणि टेलच्या सगळ्यांची राहिलेली पाळी पुढच्या पाण्यात सगळ्यात आधी भरून दिली. कसं भरायचं ते दाखवलं. वरची माणसं कुरकुरली, पण तिने एकेकाला त्याचे दोन मेसेज दाखवले, तेव्हा गप्प बसली.

निघताना मुक्ताआत्या गाडीपाशी आली. ती खिडकीतून वाकून मिहिरकडे नीट बघत राहिली. ‘‘च्या गोड लागला का, पाव्हनं?’’ तिने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती मागे फिरली.

बारामतीत घराखाली गाडी लावताना मिहिर म्हणाला, ‘‘तू सांगायचं होतंस, मी खरं बोलतोय म्हणून.’’

‘‘तू बोलत होतास की.’’

‘‘त्यांना पटलं नाही.’’

‘‘मग तू थांबलास,’’ ती म्हणाली आणि जिना चढायला लागली.

तिने भांडण काढलं नाही. डबा भरला, दूध तापवलं, त्याच्या आईला फोन करून खुशाली विचारली. वर्णनात मूळची चार वाक्यं परत आली, तीही तिने त्याला न सांगता. मिहिरने रजा काढली आणि बसून ती उणीव दुरुस्त केली. आता आवर्तन तुटलं तरी राहिलेल्या पाळ्या आपोआप पुढे जात होत्या. तो उत्साहाने स्वयंपाकघरात आला.

‘‘झालं. आता ती ओळ लागणार नाही.’’

‘‘बरं,’’ अबोली म्हणाली. ‘‘जेवण झालं की बसू.’’

दुपारी तिने टेबल रिकामं केलं. लॅपटॉप ठेवला. समोरची खुर्ची ओढून त्याला म्हणाली, ‘‘बस.’’

मिहिर बसला. तिने केस मागे बांधले, पाण्याचा तांब्या जवळ घेतला, आणि अगदी पळसदेवला बघत होती तशीच, पूर्ण लक्ष देऊन, त्याच्याकडे बघितलं.

‘‘हे कुणासाठी केलं?’’

‘‘तुला माहीत आहे की,’’ तो हसून म्हणाला.

‘‘सांग.’’

त्याने सांगितलं. भवानीनगरपासून सगळं. ती मध्ये बोलली नाही, हसलीही नाही. तो माणूस आधी काय करायचा? पहिल्यांदा कुठे अडेल? प्रश्न एकामागून एक येत राहिले, आणि मिहिर उत्तरं देत राहिला. दोन वर्षं जे ती त्याच्या ताटाशेजारी बसून ऐकत आली होती, ते आता ती एकेक शब्द टिपून घेत होती, एखाद्या अनोळखी माणसाकडून घ्यावं तसं.

‘‘हे चुकतं कधी?’’

‘‘आता नाही चुकत.’’

ती थांबली. काही न बोलता बघत राहिली. त्याला घोकलेलं उत्तर आठवेना.

‘‘एकाच सभासदाची दोन रानं असली तर चुकतं,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘आणि कुणी फोन नंबर बदलला तर मेसेज जुन्याच नंबरवर जातो.’’

‘‘आणखी?’’

‘‘आणखी काही नाही. खरंच.’’

मिहिरला हेवा वाटला. राजवर्धन त्याच्या मनातही नव्हता. हेवा वाटला तो त्या नशीबवान गड्याचा, ज्याला तिने कुकरच्या शिट्ट्यांमध्ये एक अक्षर न विचारता चार ओळी लिहून दिल्या होत्या. आणि तो गडी आता या घरात राहत नव्हता.

अबोलीने त्याचं ‘खरंच’ ऐकून मान हलवली. मग लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला, खोट्या सभासदांची नावं भरली, आवर्तन मध्येच बंद पाडलं, आणि तो सांगतोय ते खरं आहे का, ते बघायला लागली.